कोपऱ्यावरच्या बँकेचा जिना

आमच्या हॉलबर्ग गावात कोपऱ्यावरच्या त्या खांबांच्या इमारतीला माणूस काय म्हणतो, त्यावरून त्याचं वय ओळखता येतं. ऐंशीच्या पुढचे तिला ‘मर्चंट्स’ म्हणतात. माझ्या वयाचे ‘प्रेअरी स्टेट’. माझ्या भाचीच्या वयाचे ‘फर्निचरवाल्याचं’, आणि शाळेतली पोरं नुसतं ‘ते रिकामं’. ती बांधली मात्र यातल्या कुणीच नाही. ती फार्मर्स बँकेनं १९११ साली बांधली आणि तसं दारावर दगडात कोरूनही ठेवलं. पण मान वर करून दार वाचायला वेळ कुणाला आहे?

मला आहे, कारण माझं पोट त्यावर चालतं. कोर्टासमोर ‘टॉफ्ट’ अशी पाटी आहे ते आमचं ऑफिस. आमच्या आयोवा राज्यात जागा विकायची म्हटली की तिचा पहिल्या मालकापासूनचा इतिहास कागदांवर मांडून द्यावा लागतो. आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, तो आधी आजोबांनी मांडला, मग वडिलांनी आणि आता गेली एकेचाळीस वर्षं मी, मार्लिस टॉफ्ट, मांडते. जागा विकली की तिचं कागदांचं बाड आमच्याकडे येतं, आम्ही मागच्या पानाला नवी पानं जोडतो आणि शेवटी सही करून ‘इथपर्यंत बरोबर आहे’ असं लिहून देतो. घरातला एक नियम मी लहानपणापासून ऐकला: टॉफ्टची सही दिसली की तिच्या मागे जायचं नाही, तिथून पुढं चालायचं. मीही कधी गेले नाही. कशाला जाईन? आमच्याच आजोबांवर संशय घ्यायचा होता का मी?

तर गेल्या वर्षी, एप्रिलात, डेलमार कुबिचेक एक पत्र घेऊन आला. डेलमार म्हणजे शाळेपासूनचा माझा ओळखीचा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, सत्तरी ओलांडलेला. कोपऱ्यावरच्या इमारतीला चिकटून जी बुटकी विटांची इमारत आहे ती त्याची. खाली लोकरीचं दुकान भाड्यानं दिलेलं, वर तो राहतो आणि ॲकॉर्डियन दुरुस्त करतो. बायको आर्डिस गेल्यापासून एकटाच. माझ्याकडे येताना तो कोलाच, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, आणतो आणि आणल्याबद्दल माफी मागतो.

पत्र कोल्बी ॲल्ड्रिच नावाच्या माणसाचं होतं. त्यानं मिनियापोलिसहून येऊन खांबांची इमारत विकत घेतली होती आणि तिथे लग्नाचा हॉल करणार होता. पत्रात लिहिलं होतं की एक जूनपासून जिना बंद होईल, त्या जागी लिफ्ट बसेल, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

घोळ असा की डेलमारच्या इमारतीला जिनाच नाही. मुळात विटांची इमारतही फार्मर्स बँकेचीच, १८९१ ची. पुढं बँक वाढली, तिनं शेजारी खांबांची मोठी बांधली, दोन्ही वापरायला ठेवल्या आणि काटकसर म्हणून विटांच्या इमारतीतला जिना काढून टाकून वरच्या मजल्यावर मधल्या भिंतीला दार पाडलं. तेव्हापासून डेलमारच्या मजल्यावर जायचं तर शेजारच्या जिन्यानं. जिना गेला की अग्निशमनवाला लगेच दारावर ‘राहायला मनाई’चा कागद चिकटवणार आणि डेलमारला घर सोडावं लागणार. आतून नवा जिना काढायचा तर लोकरीचं अर्धं दुकान जाईल आणि वर चाळीसेक हजार डॉलर. ते त्याच्याकडे नव्हते, आणि असते तरी ते कुणाकडून दुरुस्तीचे चुकून जास्त आलेले तर नाहीत ना, हे त्यानं आधी विचारून घेतलं असतं.

“वहिवाटीचा एखादा कागद असेल का, बघशील?” तो म्हणाला.

“चोवीस वर्षं चढतोयस तो जिना, आणि कागद आज विचारतोयस?”

“चढायला कागद लागतो हे मला कुठं ठाऊक होतं, मार्लिस.”

मी दोन्ही बाडं काढली. जिन्याबद्दल एक ओळ नव्हती. मग मी तो गुन्हा केला जो आमच्या घरात कुणी केला नव्हता: आजोबांच्या सहीच्या मागे गेले. मला वाटलं, बँक दोन्हींची मालक होती तेव्हाच्या कागदांत काहीतरी सापडेल.

इथून माझं डोकं भणभणायला लागलं. फार्मर्स बँक १९३१ साली बुडाली. सरकारनं नेमलेल्या माणसानं तिच्या दोन्ही इमारती मार्च १९३४ मध्ये एकाच दिवशी विकल्या. खांबांची घेतली मर्चंट्स बँकेनं, विटांची घेतली पोलमन नावाच्या औषधवाल्यानं. दोन्ही खरेदीखतं आमच्याच ऑफिसात टाइप झालेली, खाली आजोबांची, हालवर टॉफ्ट यांची, सुबक सही. मर्चंट्सच्या खरेदीखतात लिहिलं होतं प्लॉट सात. पोलमनच्या खरेदीखतात प्लॉट आठ.

मी गावाचा मूळ नकाशा काढला, १८५६ चा. प्लॉट सात बावीस फूट रुंद, प्लॉट आठ चव्वेचाळीस फूट. कोपऱ्यावर होता आठ.

माझा चष्मा बदलायला झाला असेल असं वाटून मी चष्मा पुसला. नकाशा उलटा धरलाय असं वाटून फिरवला. पुन्हा फिरवला. शेजारच्या तिन्ही चौकांत आकडे नदीकडून स्टेशनकडे वाढत जातात आणि कोपऱ्यावर सात येतो. या एकाच चौकात, कोण जाणे का, मोजणारा उलट दिशेनं चालला होता. तो दारू प्यायला होता, की ऊन डोळ्यांवर येत होतं, हे मला आता कोण सांगणार? तीन दिवस मी तो नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवला आणि उभ्यानंच जेवले. रात्री झोप लागायची, पण सकाळी उठलं की सात कुठला आणि आठ कुठला हे पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागायचं.

चौथ्या दिवशी मी मोजपट्टी घेतली आणि डेलमारला फुटपाथवर बोलावलं. मी कोपऱ्यावर एक टोक धरलं, त्यानं दुसरं. लोकरीच्या दुकानातली बाई बाहेर येऊन विचारून गेली की रस्ता रुंद करताय का. खांबांची इमारत चव्वेचाळीस फूट भरली. विटांची बावीस. एक बोट इकडे नाही की तिकडे नाही.

“काय झालं?” डेलमारनं विचारलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे.

मी त्याला ऑफिसात नेलं, कॉफी दिली आणि सांगितलं. आजोबांनी आकडे उलटे टाइप केले होते. त्या दिवशी दोन्ही प्लॉट एकाच मालकाचे असल्यामुळे दोन्ही खरेदीखतं कायद्यानं खरी होती. म्हणजे मर्चंट्स बँकेनं खांबांच्या इमारतीचे पैसे मोजले आणि कागदावर घेतली विटांची. पुढं मर्चंट्सकडून प्रेअरी स्टेटनं घेतली, प्रेअरी स्टेटला डे मॉइनच्या बँकेनं गिळलं, त्या बँकेनं दोनदा नाव बदललं, मग हायवेवर गाडीतून पैसे काढायची खिडकी बांधून ती तिकडे गेली, मग फर्निचरवाला, मग दोन वर्षं एक चर्च, मग कुणीच नाही, आणि आता ॲल्ड्रिच. प्रत्येकानं मागच्याचा आकडा उचलला. इकडे पोलमनकडून चांभार, चांभाराकडून विमावाला, विमावाल्याकडून डेलमार. कर घरनंबरावर भरला जातो, त्यामुळे काउंटीलाही पत्ता नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षं अर्धं गाव दुसऱ्याच्या इमारतीत बसून ती विकत होतं, आणि दर वेळी शेवटच्या पानावर आमची सही होती.

डेलमारनं कपातली साखर ढवळली. मग म्हणाला, “म्हणजे खांब माझे?”

“कागदावर.”

“आणि मी राहतो ते ॲल्ड्रिचचं?”

“कागदावर.”

“मग दोन वर्षांपूर्वी मी छपरावर डांबर घातलं ते कुणाच्या?”

“त्याच्या.”

“त्यानं तर तेव्हा घेतलीही नव्हती.”

“मग चर्चच्या. किंवा कुणाच्याच नाही. डेलमार, मला विचारू नकोस, माझं मलाच कळेनासं झालंय.”

तो हसला नाही. कपाकडे बघत म्हणाला की चर्चवाले बरे लोक होते, त्यांना कळवायला हवं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता, कारण जिना सापडला होता. नुसता जिनाच नव्हे, खांबांसकट सगळी इमारत. पण समोर भिंतीवर आजोबांचा फोटो होता, जाकिटात, ओठ मिटलेले, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. लहानपणी मी एक आकडा चुकीचा लिहिला तर ते अख्खं पान फाडून पुन्हा लिहायला लावत. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि मेलेल्या माणसाचा राग येऊन काय उपयोग, याचाही राग आला.

मी डेलमारला पुढचं समजावलं. कोर्टात गेलं तर कोर्ट म्हणेल, एवढी वर्षं ज्याचा कब्जा त्याची इमारत, आणि दोघांना आपापली देऊन टाकेल. पण त्याला वर्ष लागेल. ॲल्ड्रिचला कर्ज मिळायचं होतं येत्या शुक्रवारी, आणि असल्या कागदांवर कुठलीही बँक दमडी देणार नाही. लवकरचा रस्ता एकच: दोघांनी एकमेकांना हक्कसोडपत्र लिहून द्यायचं. म्हणजे ॲल्ड्रिचला डेलमारची सही हवी होती, आणि ती शुक्रवारच्या आत हवी होती.

“आधी जिना लिहून घे,” मी म्हटलं. “कायमची वहिवाट. मगच सही कर. कळलं?”

“कोलाच घे ना,” डेलमार म्हणाला. “या खेपेला जरा कोरडे झालेत.”

आमच्याकडच्या माणसाला नाही म्हणायचं असलं की तो खाण्याचं काढतो. हे मला कळायला हवं होतं. पण मी नकाशात बुडाले होते.

मी ॲल्ड्रिचच्या वकिलाला, वेंडेल रास्कला, फोन केला. वेंडेल आमच्याच गावचा, माझ्या वडिलांच्या हाताखाली सुट्टीत काम केलेला. त्यानं माझ्याकडून सगळं दोनदा वदवून घेतलं. मग त्यानं विचारलं, “मार्लिस, तू नकाशा सरळ धरला होतास ना?” मी त्याला जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गुरुवारी सकाळी दहाला सगळे माझ्या ऑफिसात जमले. ॲल्ड्रिच तिशीतला, चांगल्या बुटांचा, नम्र पण घाईतला. दोन रात्री झोपला नसावा. तो पुन्हा पुन्हा विचारत होता की मग आपण नक्की काय विकत घेतलं, आणि वेंडेल त्याला पुन्हा पुन्हा सांगत होता की तुम्ही जे घेतलंत तेच घेतलंत, फक्त ते तुमचं नाही. डेलमार कोट घालून आला होता. आर्डिसच्या अंत्यविधीला घातलेला तोच.

मी नोटरीही आहे. हक्कसोडपत्रांवर शिक्का मलाच मारायचा होता. दोन्ही कागद टेबलावर ठेवले. आता डेलमार जिन्याचं काढेल म्हणून मी वाट बघत होते. वेंडेलही बघत असावा, कारण त्याचा हात मांडीवरच्या फाइलवर होता. ॲल्ड्रिचनं घसा साफ केला आणि म्हणाला, “मिस्टर कुबिचेक, तुमच्या काही अटी असतील तर...”

डेलमारनं पेन उचललं आणि सही केली.

“ते माझं नव्हतंच,” तो म्हणाला. “दुसऱ्याच्या चुकीवर काय बसायचं.”

मला त्याच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटलं. एवढं राहतं घर माणूस सज्जनपणाच्या पायी घालवतो का? ॲल्ड्रिचनं पटकन आपली सही केली आणि खुर्चीत मागे टेकला. सुटल्यासारखा दिसला, आणि मग थोडा ओशाळलेलाही. आणि वेंडेलनं ती फाइल हळूच मिटली. मिटायच्या आत मला वरच्या कागदाची पहिली ओळ दिसली. ती वाचायला मला वेळ लागत नाही, असल्या ओळी मी एकेचाळीस वर्षं वाचतेय. जिन्याच्या वहिवाटीचा करार होता. टाइप करून तयार. ॲल्ड्रिचच्या सहीसकट.

म्हणजे ते द्यायला तयार होऊन आले होते. मागितलं की द्यायचं. मागितलं नाही, तर परत न्यायचं. वेंडेल माझ्याकडे बघत नव्हता. वकील म्हणून त्याचं काही चुकलं नव्हतं, त्याचा अशील ॲल्ड्रिच होता. आणि माझं काम? टॉफ्टचं ऑफिस कुणाच्याच बाजूचं नसतं. तीन पिढ्या आम्ही हे सांगत आलो. मी शिक्का हातात घेतला. मला खरंच समजत नव्हतं की मी काय करणार आहे.

शिक्क्याआधी काही प्रश्न विचारायचे असतात. आम्ही ते पुटपुटून उरकतो. मी या वेळी मोठ्यानं विचारले.

“डेलमार, हे तू आपखुशीनं करतोयस?”

“हो.”

“काय सोडतोयस हे तुला कळलंय?”

“हो, मार्लिस.”

“आणि वेंडेलच्या फाइलमध्ये कुठला कागद आहे, हे माहीत आहे?”

“नाही.”

“मग तुला पुरतं कळलेलं नाही,” मी म्हटलं. “मला शिक्का मारता येणार नाही.”

ॲल्ड्रिच वेंडेलकडे बघायला लागला, वेंडेल माझ्याकडे, आणि डेलमार खाली आपल्या कोटाच्या बाहीकडे. वेंडेलचे कान लाल झाले होते. माझ्या वडिलांच्या हाताखाली असताना फाइल चुकीच्या कपाटात लावली की व्हायचे तसे. तो हळूच म्हणाला, “हे तुझं काम नाही, मार्लिस.” मी म्हटलं, असेल किंवा नसेल, पण शिक्का माझा आहे आणि दुसरा नोटरी वीस मैलांवर आहे.

ॲल्ड्रिचनं विचारलं, “ते द्यायचं आहे ना? मी तर सही करून दिलंय.” वेंडेलनं फाइल उघडली आणि कागद टेबलावर ठेवला. लिफ्ट मागच्या बाजूला जाणार होती, त्याचं रेखाटनसुद्धा जोडलेलं होतं. डेलमारनं तो कागद दोनदा वाचला, सही केली, आणि मी तिन्हींवर शिक्के मारले. ॲल्ड्रिचनं डेलमारचा हात हातात घेतला आणि वर ॲकॉर्डियन वाजतं का असं विचारलं. मग तो आणि वेंडेल निघून गेले.

डेलमार बसून राहिला. मला वाटलं आता आभार मानेल. तो चिडला होता. मी त्याला शाळेपासून ओळखते, चिडलेला कधी बघितला नव्हता.

“तू त्यांच्यासमोर मला वेड्यात काढलंस.”

“तू वेड्यासारखाच वागलास. फुकट देऊन टाकत होतास. एवढं चांगलं असून चालत नाही रे माणसानं.”

“चांगलं?” तो म्हणाला. “मी गेला आठवडाभर त्याला काय म्हणायचं ते पाठ करत होतो. आरशासमोर. इथं येईपर्यंत सगळं पाठ होतं.” तो थांबला. “आणि मग वाटलं, मी मागितलं आणि तो नाही म्हणाला तर? आर्डिसनं त्या घरात प्राण सोडले, मार्लिस. न मागता गेलं, तर मी म्हणू तरी शकलो असतो की मी मागितलंच नव्हतं.”

मी त्याला संत समजून त्याच्यावर चिडले होते, आणि तो माणूस माझ्या टेबलापाशी नुसता घाबरून बसला होता. एकेचाळीस वर्षं मी लोकांच्या जागांचे कागद वाचतेय, आणि समोरच्या माणसाचं मला अक्षर लागलं नव्हतं.

“कॉफी घेतोस?” एवढंच मी म्हणाले.

“नको,” तो म्हणाला, आणि मग, “बरं, अर्धा कप.”

तो गेल्यावर मी दोन्ही बाडं पुढं ओढली. शेवटचं पान लिहायचं होतं. मार्च १९३४ मध्ये या ऑफिसाकडून प्लॉटचे आकडे उलटे लिहिले गेले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक मालकाला आम्ही तेच बरोबर म्हणून लिहून दिलं, असं मी साध्या शब्दांत लिहिलं. आजोबांचं नाव घालावं की नाही यावर बराच वेळ अडले. शेवटी घातलं, आणि त्याखाली माझंही.